आधी ओल बघू

शिरूर अनंतपाळच्या एका पतसंस्थेत मागच्या अंगाला एक लहानशी खोली आहे. दारावर पाटी : 'चपला बाहेर काढाव्यात.' गावात नवीन आलेला माणूस ती वाचून सवयीनं हात जोडतो. आत बघावं तर एक काळा उभा डबा, शेजारी बॅटऱ्या, वर एसी आणि समोर प्लास्टिकच्या खुर्चीत आप्पा. सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की गावभर भुसकट उडतं आणि ते डब्याच्या पंख्यात जाऊन बसतं, म्हणून चपला काढायच्या, एवढंच. आप्पा हे प्रत्येकाला समजावून सांगतात. तरीही लेखापरीक्षक आत शिरताना आवाज खाली आणतात आणि पिग्मी एजंट उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावतात.

आप्पांचं पद कागदावर 'लिपिक-नि-संगणक चालक' आहे. पगारही लिपिकाचाच. पण संस्थेची सगळी खाती, ठेवी, कर्जं, रोजकीर्द आणि तेरीज ज्या सर्व्हरवर आहे, त्याचे मालक, पालक आणि राखणदार तेच. लातूरकडच्या कॉलेजांत, दवाखान्यांत, बाजार समितीच्या अडतींत, कुठंही जा, असा एक आप्पा असतोच. कमरेला किल्ल्या, खिशात पेनड्राइव्ह, चेहऱ्यावर नुकतंच काहीतरी बिघडता बिघडता वाचल्याचा भाव. कुणी काहीही नवीन सुचवलं की त्याचं उत्तर ठरलेलं असतं. आमच्या आप्पांचं उत्तर तीन शब्दांचं आहे : "आधी ओल बघू."

हे शब्द त्यांच्या वडिलांचे. वडील शेतकरी. आमच्या भागात मृगाचा पहिला शिडकावा पडला की अर्धं गाव तिफण काढतं आणि पुढं पंधरा दिवस पावसानं दडी मारली की तेच अर्धं गाव दुबार पेरणीचं बियाणं शोधत फिरतं. कृषी खातं दर वर्षी ओरडून सांगतं की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. आप्पांचे वडील कृषी खात्याच्याही आधीपासून हे पाळायचे. रानात जायचे, मूठभर माती उकरून दाबायचे, आणि म्हणायचे, "आजून न्हाई." पण ओल खोलवर गेली असं हाताला कळलं की त्याच दिवशी पेरायचे, मग घरात पाहुणे असोत नाहीतर पोराचं बारसं. आप्पांनी शेती सोडली, माती सोडली, पण उकरून बघायची खोड नाही सोडली.

खोड कळायला कामाची थोडी कल्पना हवी. संगणक सुरू झाल्यावर सगळ्यांत आधी जागी होते आणि बाकीच्यांना कामाला लावते ती ऑपरेटिंग सिस्टिम. ती माणसांनीच लिहिलेली, त्यामुळं तिच्यात चुका निघतात. काही चुका नुसत्या त्रासाच्या, काही चोराला वाट देणाऱ्या. लिहिणारे त्या दुरुस्त करून पाठवतात, त्याला अपडेट म्हणायचं. अडचण अशी की दुरुस्ती करणारीही माणसंच. एक भोक बुजवताना दुसरीकडं कधी पोपडा निघेल, सांगता येत नाही. म्हणजे अपडेट नाही टाकलं तर चोर, आणि टाकलं तर कदाचित सोमवारी सकाळी बंद काउंटर आणि समोर पासबुकं घेऊन उभी असलेली रांग. या दोन भीतींच्या मधली जी चिंचोळी पट्टी आहे, तिच्यावर आप्पांचा संसार चालतो.

त्यांच्या दोन्ही बाजूंना शत्रू आहेत.

एका बाजूला आमचे झेरॉक्सवाले. त्यांच्या दुकानातल्या संगणकावर अजून विंडोज सेव्हन आहे. मायक्रोसॉफ्टनं त्याचा सांभाळ 14 जानेवारी 2020 रोजी बंद केला, हे आप्पांनी त्यांना दर संक्रांतीला तिळगूळ देताना ऐकवलेलं आहे. झेरॉक्सवाले तिळगूळ तोंडात टाकून म्हणतात, "चालतंय की!" ही 'चालतंय की' मंडळी संख्येनं फार मोठी. त्यांच्या फोनवर लाल ठिपके साचलेले असतात, लॅपटॉप 'नंतर आठवण करा' असं सांगून सांगून थकलेला असतो, आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो.

या मंडळींसाठी आप्पांकडं एक गोष्ट तयार आहे. ती ते चहा सांगून, खुर्ची पुढं ओढून सांगतात. "14 मार्च 2017. मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती दिली. फुकट. 12 मे 2017 ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला. जगभरातले दवाखाने, कारखाने, हापिसं बंद. किती दिवस झाले मधी?" ऐकणारा बोटं मोजू लागतो. "दोन महिने! दोन महिने ओल होती रानात, आनि हे लोक बांधावर बसून. बरं, त्यातनं शहाणं व्हावं का न्हाई? 27 जूनला दुसरा आला, नॉटपेट्या. त्याचा एक पाय त्याच भोकातनं. आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प. कंटेनर उभेच्या उभे." इथं ते थांबतात आणि झेरॉक्सवाल्यांच्या दिशेनं बघतात. झेरॉक्सवाले म्हणतात, "आपल्याकडं कुठं कंटेनर हायत?"

दुसऱ्या बाजूला आप्पांचा भाचा. हा पुण्याला, हिंजवडीत. त्याच्या हातातल्या घड्याळापासून घरातल्या दिव्यापर्यंत सगळं आपोआप अपडेट होतं. सुट्टीला आला की खोलीच्या दारात चपला काढत विचारतो, "मामा, ऑटो-अपडेट का लावत नाही? कुठं वह्या लिहीत बसता?" आप्पा त्याला आधी जेवायला घालतात, कारण उपाशी पोराशी वाद घालू नये असा त्यांचा नेम आहे.

वही मात्र खरी आहे. लाल कापडाची, लांब, रोजकीर्दीचीच. तिच्यात आप्पांनी स्वतः रेघा मारलेले पाच रकाने आहेत : तारीख, काय बदललं, का बदललं, परत कसं यायचं, साक्षीदार. चौथा रकाना भरल्याशिवाय ते कीबोर्डला हात लावत नाहीत. "पुढं जायचा रस्ता समदेच लिहितात. म्हागं यायचा लिव्हा," हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. पाचव्या रकान्यात कुणाची ना कुणाची सही असते. शिपाई, पिग्मी एजंट, एकदा तर एसी दुरुस्त करायला आलेल्या मुलाची. साक्षीदाराला कळण्याची गरज नसते, जागं राहण्याची असते.

वहीच्या पहिल्या पानावर निषिद्ध दिवसांची यादी आहे. मार्च एंड. बाजाराचा दिवस. पीक विम्याच्या मुदतीचे शेवटचे तीन दिवस. दिवाळीत लाभांश वाटपाचा आठवडा. चेअरमनच्या घरचं कुठलंही लग्न. आणि अमावस्या. अमावस्येवरून मी त्यांना छेडलं, तर म्हणाले, "माझा विश्वास न्हाई. पन चेअरमनचा हाय. आनि भ्यालेला चेअरमन रात्री अकरा वाजता फोन करतो." म्हणजे उरतात ते शनिवार, तेही दिवसअखेर झाल्यावर, लाइटचा अंदाज घेऊन. शनिवारी रात्री आप्पा कुठल्या जेवणावळीला मिळत नाहीत. मिळाले तर समजावं की त्या आठवड्यात अपडेट आलेलं नाही.

हा सावधपणा घरीही तसाच चालतो. नवीन हॉटेल निघालं की पहिला महिना ते तिथं जात नाहीत, "आचारी टिकू द्या" म्हणून. गाडीचं नवं मॉडेल आलं की वर्षभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे आवाज ऐकतात. फोनवर नवी आवृत्ती आली की आधी काकूंच्या फोनवर टाकतात. काकूंना हे बरीच वर्षं माहीत नव्हतं. कळलं त्या दिवशी घरात जे झालं, त्याची नोंद वहीत नाही. चौथा रकाना बहुधा रिकामाच राहिला असता.

या सगळ्याचा आम्हा सभासदांना वैताग येतो, हेही सांगितलं पाहिजे. संस्थेत नवा पासबुक प्रिंटर यायचा होता. तो लातूरहून आला, खोक्यातच राहिला, कारण त्याचं चालवणारं सॉफ्टवेअर आप्पांना 'कोवळं' वाटत होतं. खात्याची शिल्लक फोनवर दिसावी म्हणून मी अर्ज दिला, तर "बघू की, ओल बघू" म्हणाले, आणि मधे दोन पावसाळे गेले. मॅनेजर साहेब एकदा चिडून म्हणाले, "आप्पा, ओल बघता बघता हंगाम जाईल!" आप्पा शांतपणे म्हणाले, "साहेब, बियाणं तुमचं न्हाई, लोकांचं हाय." यावर साहेबांना काही सुचलं नाही, पण प्रिंटर त्या महिन्यात खोक्याबाहेर आला.

पण आप्पांना नुसतं सावध समजणं चूक ठरेल. ते कळलं 1 जुलै 2024 च्या रात्री. सोमवार होता. म्हणजे आप्पांच्या वहीप्रमाणं हात लावायचा दिवसच नव्हे. रात्री साडेनवाला दारात हाक आली, "सर, जेवलाव का? चला जरा, साक्षीदार पायजे."

मी जाताना विचारलं, "आज काय करलालाव?"

"दार बदललालो," म्हणाले.

झालं होतं असं. सर्व्हरला दुरून आत शिरायचं जे दार असतं, ओपनएसएसएच नावाचं, त्याच्यात मोठी फट असल्याचं त्या दिवशी जाहीर झालं होतं. आणि ती फट होती जुनीच. 2006 साली सापडलेली, बुजवलेली. मग 2020 च्या एका सुधारणेत कुणाच्या तरी हातून ती बुजवणारी ओळ निघून गेली आणि भोक पुन्हा उघडलं. क्वालिस नावाच्या कंपनीच्या लोकांनी ते शोधून काढलं. "बगा," आप्पा वाटेत म्हणाले, "सुधारणेतनंच आलं. म्हनून मी सुधारणेला भितो. आनि दुरुस्ती बी सुधारणेतनंच येलाली. म्हनून भिऊन चालत न्हाई."

खोलीत गारठा होता, म्हणून बाहेर व्हरांड्यात टेबलावर लॅपटॉप मांडला. डास होते. शिपायानं कासव छाप लावली. आप्पांनी आधी बॅकअप घेतला. मला वाटलं झालं. नाही. शेजारी एक जुना संगणक होता, संस्थेनं भंगारात काढलेला आणि आप्पांनी परत आत आणलेला. त्या संगणकावर त्यांनी तो बॅकअप उघडला, खाते क्रमांक टाकला आणि स्वतःच्या बचत खात्यातली शिल्लक बघितली. ती बघून त्यांना जेवढं वाईट वाटलं तेवढंच समाधान झालं. "शिल्लक बरोबर हाय. म्हंजे बॅकअप बरोबर हाय. न उघडलेला बॅकअप म्हंजे नुसती श्रद्धा." मग दुरुस्ती आधी त्या जुन्या संगणकावर चढवली. तो बरा चालला. तेव्हा कुठं खऱ्या सर्व्हरकडं मोर्चा वळला.

पडद्यावर यादी आली आणि खाली प्रश्न : वाय की एन? माझं बोट आपोआप वायकडं गेलं. आप्पांनी माझा हात धरला. "वाचा की आधी." यादीतली नावं त्यांनी बोट ठेवून एकेक वाचली, वहीत टिपली. त्या रात्री फक्त दाराचं सामान घ्यायचं होतं. डेटाबेसला त्यांनी 'होल्ड' लावून ठेवलेलं होतं. त्याला दिवाळीनंतरच हात. मधेच सर्व्हरनं विचारलं, तुमची जुनी मांडणी ठेवू की नवीन आलेली घालू? "जुनी ठेव बाबा," आप्पा मोठ्यानं म्हणाले. सर्व्हरशी ते बोलतात. अरेतुरे करतात, पण प्रेमानं.

दार बदलताना त्यांनी एक गोष्ट केली, ती मला फार आवडली. सर्व्हरमध्ये ते एका खिडकीतून शिरलेले होते. ती खिडकी बंद न करता त्यांनी दुसरी उघडली आणि नव्या दारातून शिरून बघितलं. शिरता आलं. मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजले. मग पहिली खिडकी बंद केली. "आधी बंद केलं असतं आनि नवं दार अडकलं असतं, तर मी भाईर, सर्व्हर आत. मग खोलीत जाऊन थंडीत बसा." वहीत सही केली. साडेअकरा झाले होते. शिपाई भिंतीला टेकून झोपला होता, म्हणून साक्षीदाराच्या रकान्यात माझं एकट्याचंच नाव आलं.

घड्याळ कशाला, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी त्यांच्या दैवताची गोष्ट सांगितली. अँड्रेस फ्रॉइंड नावाचा एक अभियंता. मार्च 2024 अखेर. त्याला वाटलं, या दारातून शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. फक्त अर्धा सेकंद! दुसरा कुणी म्हणाला असता, लाइन स्लो असेल. त्यानं खणलं, आणि निघालं काय, तर एक्सझेड नावाच्या साध्यासुध्या सामानात कुणीतरी वर्षानुवर्षं विश्वास कमावून चोरदार बसवलेलं होतं. 29 मार्चला त्यानं जगाला सांगितलं. "आपल्या सर्व्हरवर जी ऑपरेटिंग सिस्टिम हाय, त्या डेबियनच्या कच्च्या आवृत्तीत ते शिरलं होतं. पक्क्या आवृत्तीत न्हाई. का? पक्क्यात सामान उशिरा येतं. आनि आमचा मार्च एंड चालू होता बगा. लागलं असतं तर काय केलं असतं?" तेव्हापासून आप्पा प्रत्येक वेळी शिरताना घड्याळ बघतात. त्या घड्याळाला सेकंदकाटा आहे की नाही, हे मी बघायचं टाळलं.

म्हणजे आप्पांच्या 'ओल बघू'लाही वेळापत्रक आहे. चोराची वाट बुजवणारी दुरुस्ती : त्याच रात्री. साधी डागडुजी : पंधरा दिवस दुसऱ्यांचं बघून. पूर्ण नवी आवृत्ती : पहिली दुरुस्ती येऊन गेल्यावर, आणि जुनीचा सांभाळ संपण्याच्या बऱ्याच आधी. हे कोष्टक त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. विचारलं की फक्त तीन शब्द येतात, आणि लोकांना वाटतं माणूस चेंगट आहे.

त्याच महिन्यात, 19 जुलैला, शुक्रवारी भाच्याचा फोन आला. त्याच्या ऑफिसात सगळे पडदे निळे झाले होते. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर आपोआप गेली आणि जवळपास 85 लाख विंडोज संगणक कोसळले. आपल्याकडं विमानतळांवर लोकांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. भाच्याला वाटलं, मामा आता उट्टं काढणार. मामांनी विचारलं, "जेवलास का?" मग म्हणाले, "सुट्टी हाय तर ये गावाकडं. आमचं चालू हाय." पुढं मला मात्र म्हणाले, "आपलं चालू होतं, कारण ते सॉफ्टवेअर आपल्याकडं न्हाईच. त्यात माझी कसली हुशारी? काही लोकांनी मुद्दाम एक आवृत्ती म्हागं राहायचं ठरवलं होतं, त्यांना बी बसला. ती फाइल वेगळ्या वाटेनं येत होती. म्हंजे ओल कुठल्या कुठल्या वाटेनं येते, ते बी बघाय पायजे." वहीत नवं पान सुरू झालं. शीर्षक : 'न विचारता काय काय येतं.' त्या पानावर पहिली नोंद प्रिंटरची आहे. तो आप्पांना अजून कोवळाच वाटतो.

महिना संपता संपता, 31 जुलैला, एका सेवापुरवठादाराच्या यंत्रणेवर खंडणीचा हल्ला झाल्यानं देशभरातल्या सुमारे 300 छोट्या बँकांचे व्यवहार थोडा काळ तोडावे लागले. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँकाच जास्त. दुसऱ्या दिवशी काउंटरला म्हाताऱ्या बाया विचारत होत्या, "आमचं बी गेलं का गा?" आप्पा खोलीतून बाहेर आले, एकेकीचं पासबुक छापून हातात दिलं. नव्या प्रिंटरवर!

घरच्या आघाडीवर मोठा प्रसंग घडला तो 2025 साली. आप्पांच्या सर्व्हरवर डेबियन आहे, आणि डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या सिनेमातल्या पात्रांची नावं असतात. चालू होती ती बुकवर्म. नवी, ट्रिक्सी, 9 ऑगस्टला आली. राखी पौर्णिमेच्या दिवशी. आप्पा फोनवर भाच्याला सांगत होते, "बुकवर्मचं अजून दोन-तीन वर्षं निघंल रे. पन ट्रिक्सी आणावीच लागंल. एवढ्यात न्हाई, दिवाळी होऊ दे. आधी जुन्या मशिनीवर आठ दिवस ठिऊन बघतो." काकू राखीचं ताट घेऊन दारात उभ्या. पुढचे दोन दिवस घरात भाकरी मिळाली, कालवण मिळालं, शब्द मिळाला नाही. शेवटी भाच्यानं व्हिडिओ कॉलवर ट्रिक्सी दाखवली, तेव्हा काकूंना कळलं की ती निळसर रंगाची, शिंगं असलेली, खेळण्यातली डायनासोर आहे. काकू म्हणाल्या, "तरी म्हनलं, ह्यांच्याकडं कोन येणार."

आप्पांना या नावांमधलं एक विशेष आवडतं. सिनेमात खेळणी मोडणारा जो द्वाड पोरगा आहे, सिड, त्याचं नाव डेबियननं कायम कच्च्या, अस्थिर आवृत्तीला देऊन ठेवलंय. बाकी पात्रं येतात, पक्की होतात, निवृत्त होतात. सिड कधीच पक्का होत नाही. आप्पांनी भाच्याचं नाव फोनमध्ये 'सिड' असं साठवलंय.

ट्रिक्सीची पहिली दुरुस्ती 6 सप्टेंबरला आली. अनंत चतुर्दशी होती. आप्पा तयारीला लागणार, तोवर मराठवाड्यात अतिवृष्टी सुरू झाली. लाइट जाऊन येऊन, रस्ते पाण्याखाली, सभासदांच्या डोळ्यांपुढं उभं सोयाबीन कुजत होतं. संस्थेत लोक ठेवी मोडायला येत होते. "आता सर्व्हरला हात लावणारा मानूस वेडा," आप्पा म्हणाले, आणि वही मिटली. दिवाळी झाली, दुसरी दुरुस्ती आली, आणि मग नोव्हेंबरातल्या एका शनिवारी ट्रिक्सी चढली. त्याआधी बदलांची सगळी टिपणं त्यांनी डॉट मॅट्रिक्सवर छापून काढली होती. कर्रर्र कर्रर्र आवाज दुपारभर. मॅनेजरना वाटलं कर्जवसुलीच्या नोटिसा निघाल्या. एक थकबाकीदार तो आवाज ऐकून आपणहून हप्ता भरून गेला.

आप्पांची एक सवय मात्र चेष्टेची नाही. दर रविवारी सकाळी ते बॅकअपची डिस्क पिशवीत घालून एसटीनं निलंग्याला जातात आणि मेव्हण्याच्या कपाटात ठेवून येतात. जुनी परत आणतात. क्लाउड आहे, इंटरनेट आहे, भाचा कधीचा सांगतोय. तेही त्यांनी लावलंय. पण डिस्क चुकत नाही. विचारलं, तर म्हणतात, "30 सप्टेंबर 1993. पहाटे चार वाजायला चार मिनिटं. किल्लारीचा भूकंप. किल्लारी आपल्याच जिल्ह्यातली. तिथं मानसं गेली, घरं गेली, आनि वाचलेल्यांना आपलं घर आपलं होतं हे सांगाय कागद उरला न्हाई. समदी कागदं त्याच घरात होती." एवढं सांगून पिशवीची गाठ बघतात आणि एसटी पकडतात.

दर सप्टेंबरात संस्थेची वार्षिक सभा असते. अहवालात आप्पांचं काम एका ओळीत येतं : 'संगणक देखभाल खर्च'. मागच्या खेपेला एका सभासदानं उठून हरकत घेतली. "सर्व्हर कधी बंद पडल्याचं ऐकलं न्हाई. मग देखभालीला पैसे कशाला पायजेत?" सभा हसली. चेअरमन गडबडले. आप्पा मागच्या रांगेतून म्हणाले, "मान्य हाय. पुढच्या वर्षी दोनदा बंद पाडतो." ओळ मंजूर झाली.

माझं मत विचाराल तर, 'चालतंय की' म्हणणारा आळशी आणि आलं की टाकणारा उतावळा, दोघांनाही स्थैर्य म्हणजे काय ते कळलेलं नाही. हात न लावणं म्हणजे स्थैर्य नव्हे. थोडं थोडं, वेळच्या वेळी, परतीची वाट लिहून ठेवून बदलत राहणं म्हणजे स्थैर्य, आणि ते करायला आप्पांसारखा थोडा चिकट, थोडा संशयी आणि शनिवारी रात्री घरी नसणारा माणूस लागतो. तुमच्या संस्थेत, शाळेत, दवाखान्यात असा कुणी असेल. त्याचा राग येत असेल, तोही बरोबर आहे. फक्त शनिवारी रात्री त्याला फोन करू नका. आणि रविवारी भेटला तर 'अपडेट झालं का' असं विचारू नका. 'बॅकअप उघडून बघितला का' असं विचारा. तो तुम्हाला चहा पाजेल, आणि बहुतेक पुढच्या वेळी साक्षीदार म्हणून घेऊन जाईल.